रिकामं वजन, भरलेलं वजन

माझे साडू कधी बसत नाहीत, ते टेकतात. खुर्ची पुढे केली तर कडेला चार बोटं टेकतील, ‘आरामात बसा’ म्हणेपर्यंत उठून खिडकीशी गेलेले असतील, आणि चहा येईपर्यंत खिडकीच्या बिजागरीचा एक स्क्रू त्यांच्या हातात आलेला असेल. आमच्या दोन्ही घरांत त्यांना भिंगरी म्हणतात. हे नाव सासूबाईंनी ठेवलं, तेही साडू पहिल्यांदा घरी आले त्याच दिवशी. तासाभरात या गृहस्थांनी भिंतीवरचं वाकडं घड्याळ सरळ केलं, दाराची सैल कडी आवळली आणि मोरीतला गळका नळ दुरुस्तीला घेतला. घेतला, एवढंच. त्या दिवशी तो नळ थेंब थेंब गळत होता. पुढचे नऊ दिवस धो धो वाहिला. सासूबाई म्हणाल्या, “मुलगा चांगला आहे, पण त्याच्या पायाला भिंगरी आहे.”

तरी मुलगी दिली. ती मुलगी म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात.

धाकटीच्या घरी गेलं की आपण एखाद्या अर्ध्या राहिलेल्या प्रदर्शनात आलोय असं वाटतं. स्वयंपाकघराची भिंत चार वर्षांपूर्वी रंगवायला घेतली, ती खांद्यापर्यंत पिवळी आहे आणि वर पांढरी. पुस्तकांच्या कपाटाला दारं आहेत, फळ्या नाहीत. अर्धी शिकलेली बासरी, अर्धा वाचलेला ज्ञानकोश, मधल्या मजल्यापर्यंत बांधलेलं कबुतरांचं घर. एक ना धड, भाराभर चिंध्या. धाकटी एकदा मला म्हणाली, “यांचं लग्न तेवढं पूर्ण झालं भावोजी, कारण ते दुसऱ्यांनी लावलं.”

आणि अशा माणसाला नोकरी कुठली मिळावी? वजनकाट्यावर. हमरस्त्याला लागून एक लांबरुंद लोखंडी पाट जमिनीत बसवलेला आहे. त्यावर ट्रक येऊन उभा राहतो, शेजारच्या चार बाय सहाच्या खोलीत भिंगरी आकडा बघतात आणि पावती देतात. पावतीवर चार रकाने: रिकामं वजन, भरलेलं वजन, माल, आणि कुठे चालला. ट्रक जातो, दुसरा येतो. बावीस वर्षं सगळं जग भिंगरींच्या खिडकीसमोरून कुठे ना कुठे जातं आहे, आणि ज्याच्या पायाला भिंगरी तो एकटा खुर्चीत बसून आहे. टेकून, म्हणू या.

या नोकरीने त्यांना एक वाईट खोड लावली. माणूस दिसला की ते त्याचं वजन सांगतात. नजरेने. किलोभराचाही फरक पडत नाही. माझ्या थोरल्या मेहुण्याच्या नव्या नवरीला सगळ्या पाहुण्यांसमोर “बहात्तर” म्हणून मोकळे झाले. त्या घरात आम्ही दोन वर्षं पाऊल टाकलं नाही. मी दारात उभा राहिलो की नमस्काराच्या आधी “चौऱ्याण्णव” ऐकू येतं. फक्त धाकटीचं वजन ते कुणाला सांगत नाहीत. उतावळा माणूस असला तरी वेडा नाही.

आता गाडीबद्दल. नऊ वर्षांपूर्वी भिंगरींनी एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची. रंग एके काळी लाल असावा, आता विटेसारखा झालेला. इंजिनाने तिसऱ्याच वर्षी राम म्हटला. दुसरा कुणी असता तर भंगारवाल्याला फोन करून मोकळा झाला असता. भिंगरींनी मागून ठोकलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन मिळवलं. पाठ मोडलेली, काळीज शाबूत. जुन्या इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट ताकदीचं ते धूड या चिमुकल्या गाडीत बसवायचं, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पण बसलं. दोन वर्षं लागली, आणि ते बसलं याचं एकच कारण, ते काम इंजिनवाल्या मिस्त्रीने केलं आणि भिंगरींना गॅरेजच्या दाराबाहेर उभं केलं.

इंजिन बदललं, पण सायलेन्सर जुनाच राहिला. इथे घोडं अडलं. इंजिन जेवढं पेट्रोल जाळतं तेवढा धूर बाहेर पडायला हवा. तो पडतो गाडीच्या पोटाखालून मागे जाणाऱ्या नळीतून. भिंगरींच्या गाडीला फुप्फुस पैलवानाचं आणि नाक तान्ह्या बाळाचं, अशी अवस्था झाली. चढावर ती अशी धापा टाकायची की मागच्या सायकलवाल्याने उतरून विचारावं, “ढकलू का?”

शिवाय सरकार होतंच. इंजिन बदललं की वाहन तपासणी कार्यालयात गाडी दाखवावी लागते. ते आवाज मोजतात, गाडी फिरवून बघतात, मग कागदावर नवा इंजिन नंबर चढतो. शेवटच्या तारखेपर्यंत नाही चढला तर मग ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही. अशा तीन तारखा मिळतात. पहिल्या तारखेला कार्यालयाच्या आवारातच जुन्या नळीचा सांधा उडाला आणि असा बार झाला की खिडकीतल्या कारकुनाने चहा स्वतःच्या शर्टावर प्यायला. दुसऱ्या तारखेला भिंगरी गाडीशिवाय गेले. कारण आदल्या दिवशी ‘आता मुळापासूनच करू’ म्हणून त्यांनी सगळा सायलेन्सर काढून अंगणात मांडला होता. तपासणी अधिकारी टेबलामागून नुसते बघत राहिले. भिंगरीही त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “एकशे आठ.”

“काय एकशे आठ?”

“काही नाही साहेब. पुढची तारीख द्या.”

“शेवटची आहे. गुरुवार, सकाळी अकरा. गाडीसकट या.”

त्या संध्याकाळी धाकटीने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने भाजी निवडता निवडता अगदी साध्या आवाजात सांगितलं, “गुरुवारी झालं तर झालं. नाहीतर शुक्रवारी भंगारवाला येतोय. मी सांगून ठेवलंय त्याला.”

“अगं, पण नऊ वर्षं—”

“मला गाडीचं काही नाही हो. मला या घरात एक गोष्ट संपलेली बघायची आहे. संपवून संपवा, नाहीतर मोडून संपवा. निवड तुमची.”

मी तिथेच होतो. भिंगरींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं, पिवळं संपतं तिथे.

इंजिनवाल्या मिस्त्रीने पत्ता दिला तो सायलेन्सरवाल्या मावशींचा. पासष्टीच्या, ठेंगण्या, कपाळावर वेल्डिंगचा काळा चष्मा आणि हातात कायम काहीतरी तापलेलं. चाळीस वर्षं त्या दुसरं काही करत नाहीत. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी वर उचलायचं यंत्र नाही, एक खोल खड्डा आहे. गाडी खड्ड्यावर आपल्या चार चाकांवर उभी राहते आणि मावशी खाली उतरतात. भिंगरी नि मावशी समोरासमोर आले तेव्हा मला वारा नि दगडाची भेट बघतोय असं वाटलं.

“तीन इंची नळी घाला मावशी,” भिंगरी एका पायावरून दुसऱ्या पायावर जात म्हणाले. “मोठं इंजिन, मोठी नळी.”

“सव्वादोन.”

“पण मोकळी नळी असली की धूर सुटेल ना सुसाट?”

“मोठ्या दिवाणखान्यात पाहुणे कसे सुस्तावतात, तसा तीन इंचीत धूर सुस्तावतो. मग खालच्या वेगात गाडी ओढत नाही. शिवाय तो आवाज घेऊन गुरुवारी जाशील तर गाडी तिथेच ठेवून यावी लागेल. सव्वादोन. आणि तू त्या डब्यावर बस. तू हललास की माझी नजर हलते.”

भिंगरी डब्यावर टेकले. मी घड्याळ लावलं होतं. पावणेदोन मिनिटं.

शुक्रवारपर्यंत मावशींनी नळ्या वाकवल्या, दोन डबे बसवले, एक पोटाखाली, एक शेपटीपाशी, आणि सगळं जागेवर धरून नुसते टाके मारले. शिंपी कसा कच्ची शिलाई घालतो, अंगावर चढवून बघतो आणि मग पक्की मारतो, तशी त्यांची पद्धत. पक्कं वेल्डिंग शेवटी.

“सोमवारी ये,” त्या म्हणाल्या. “शेजारी बसणारा माणूस घेऊन ये. दोघांनी गाडीत बसायचं, मग मी पक्कं करणार.”

“त्याला माणसं कशाला?”

“गाडी काय रिकामी हिंडवणार आहेस? शनिवार-रविवार मी लेकीकडे आहे, गाडी हळू घरी ने. कशाला हात लावू नकोस.”

कशाला हात लावू नकोस, हे भिंगरींना सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. शनिवारी सकाळी नऊपर्यंत त्यांनी धीर धरला. मी हे कौतुकाने सांगतोय, कारण उजाडतं सहाला. नऊ वाजता त्यांनी कच्च्या टाक्यांवरची गाडी हळूहळू चालवत गावाबाहेरच्या एका चकचकीत गॅरेजमध्ये नेली. तिथे गाडी उचलायचं यंत्र होतं, पंखा होता, मासिकं होती. गाडी वर उचलली, चाकं खाली लोंबली. तिथल्या वेल्डरने मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, “ही नळी गाडीच्या तळाला फार चिकटून गेलीये. पाय भाजतील. खाली ढीगभर जागा आहे, थोडी उतरवू का?”

जागा खरोखरच होती. मागच्या दोन चाकांना जोडणारा जो जाड दांडा असतो, ज्याला ॲक्सल म्हणतात, त्याच्या वरून ती नळी जात होती आणि दोघांमध्ये वीतभर अंतर दिसत होतं. भिंगरी म्हणाले, “उतरवा.” नळी तीन बोटं खाली आली आणि चाळीस मिनिटांत सगळं पक्कं झालं.

रविवारी दुपारी माझ्या दारात असा आवाज आला की मी जेवणाच्या ताटावरून उठलो. खर्जातला, गोल, दमदार. कुठे फाटका नाही, कुठे कर्कश नाही. भिंगरी गाडीतून उतरले ते जवळजवळ नाचत.

“संपलं! साडूभाऊ, चार दिवस आधी संपलं! बसा, एक चक्कर मारू.”

मी बसलो. म्हणजे त्या गाडीत जे करतात ते केलं. आधी एक पाय, मग वाकून डोकं, मग बाकीचा ऐवज हळूहळू. गाडी गल्लीतून निघाली. पहिला गतिरोधक आला.

ठण्ण!

“काय झालं?” मी विचारलं.

“दगड असेल.”

दुसरा गतिरोधक. ठण्ण! एक खड्डा. ठण्ण ठण्ण! रस्त्यावर पडलेली एक साधी फांदी, तिच्यावरूनही ठण्ण! भिंगरींचा चेहरा नळीच्या रंगाचा झाला. त्यांनी गाडी थांबवली.

“जरा उतरता?”

मी उतरलो. ते एकटे त्याच रस्त्याने गेले नि आले. आवाज नाही. मी बसलो. ठण्ण! उतरलो. शांतता. अशा चार फेऱ्या झाल्यावर पलीकडच्या ओट्यावरच्या एका आजोबांनी मला हाक मारून सांगितलं, “अहो, तुम्ही नका बसू. गाडी दुखावतेय.”

सोमवारी मावशी खड्ड्यात उतरल्या, बॅटरी लावून बराच वेळ बघत राहिल्या. वर आल्या तेव्हा रागावलेल्या नव्हत्या. ते जास्त भयंकर होतं.

“वेल्ड चांगलं आहे,” त्या म्हणाल्या.

“हो ना!” भिंगरी उजळले.

“चुकीच्या जागी चांगलं आहे. वाईट असतं तर हाताने उपटून काढलं असतं. आता कापून, मागचं वळण नव्याने करायला दोन दिवस.” मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, “अरे, गाडी टांगली की चाकं खाली लोंबतात, ॲक्सल खाली जातो. जागा दिसणारच. जमिनीवर ठेवली की गाडी खाली बसते. आत माणूस बसला की आणखी बसते. नळी गाडीबरोबर खाली येते आणि ॲक्सलवर आपटते. तू काम काय करतोस?”

“वजनकाट्यावर आहे.”

“किती वर्षं?”

“बावीस.”

“बावीस वर्षं लोकांना रिकामं वजन, भरलेलं वजन लिहून देतोस. आणि स्वतःची गाडी रिकामी मोजून आलास?”

 भिंगरींचा हात शेजारच्या फळीवरच्या पान्याकडे गेला आणि पान्याला न शिवता परत आला.

मग ते म्हणाले, “तो साहेब एकशे आठ आहे.”

“कोण साहेब?”

“तपासणी अधिकारी. शेजारी बसून आवारात गाडी फिरवायला लावतात, पाच गतिरोधकांवरून. एकदा जरी ठणकलं तरी नापास. साडूभाऊंच्या चौऱ्याण्णवला एवढं वाजतंय, तर एकशे आठला घंटा होईल.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. “या जाड्या भाऊंना बसवून करायचं म्हटलं तरी चौदा कमी. आणि हे हसतात. पोट हललं की गाडी हलते. न हलणारं वजन पाहिजे.”

त्याबरोबर भिंगरी निघाले ते दिसेनासेच झाले. वजनकाटा बरोबर आहे ना, हे तपासायला तिथे वीस वीस किलोची प्रमाणित लोखंडी वजनं ठेवलेली असतात, वर पकडायला कडी असलेली. मालकाच्या हातापाया पडून त्यांनी बुधवारपुरती पाच वजनं मागून आणली. पाच वीस शंभर झाले. आठ कमी.

बुधवारी सकाळी मावशी, भिंगरी नि मी त्या आठ किलोंचं काय करायचं या विचारात असताना गॅरेजच्या दारात धाकटी उभी. हातात एक डबा, ओझ्याने एका बाजूला कललेली.

“काल रात्री पुटपुटत होतात ना, आठ कमी, आठ कमी म्हणून. हा घ्या.”

तो भिंतीचा उरलेला पिवळा रंग होता. चार वर्षांत वाळून दगड झालेला. भिंगरींनी तो हातात तोलला. “आठ,” ते हळूच म्हणाले. “बरोबर आठ.”

“चला, कशाला तरी लागला,” धाकटी म्हणाली आणि ज्या डब्यावर भिंगरी पावणेदोन मिनिटं टिकले होते त्यावर ऐसपैस बसली.

शेजारच्या आसनावर पाच वजनं आणि रंगाचा डबा रचून झाला. मावशींनी पेट्रोलच्या टाकीवर ओली पोती टाकली, वाळूची बादली माझ्या हातात दिली आणि भिंगरींना म्हणाल्या, “आता तू. चालवायच्या जागेवर बस.”

“मी? माझ्याऐवजी पण वजनं ठेवू की! अठ्ठावन्नची सोय करतो मी.”

“कुठून करतोस? मालकाने पाचच दिली. बस आत. दोघांच्या भाराने गाडी जिथे बसेल तिथे ॲक्सल आणि नळीत मी हा चार बोटांचा लाकडी ठोकळा घालणार, आणि त्यावर मोजून वेल्ड मारणार. तू हललास की गाडी हलणार, ठोकळा हलणार, वळण वाकडं होणार. दुसरं वळण करायला नळी नाही आणि दिवसही नाही.”

“किती वेळ?”

“तीन तास.”

 तीन तास! या माणसाने लग्नाच्या फोटोतही चेहरा हलवलेला आहे. त्या फोटोत धाकटीच्या शेजारी सूट घातलेलं एक धुकं उभं आहे.

भिंगरी आत बसले. मावशी खाली उतरल्या. निळा प्रकाश चमकू लागला.

पाचव्या मिनिटाला खड्ड्यातून आवाज आला, “ठोकळा हलला!”

“नाक खाजलं.”

“खाजू दे.”

अकराव्या मिनिटाला, “हललास!”

“मी नाही! शपथ! शिंक आली आत, मी परतवली.”

“परतवलीस ती मागे गेली. नळी हलली.”

वीस मिनिटांनी त्यांचा डावा गुडघा आपोआप नाचायला लागला. त्यांनी दोन्ही हातांनी तो दाबून धरला, जसं कुणी पळणारं कोंबडं धरावं. कपाळावरून घाम ओघळून भुवईवर थांबला. एक माशी आली, त्यांच्या कानावर बसली, पाय चोळले, दुसऱ्या कानावर गेली. मी बादली ठेवून हाकलायला निघालो तर धाकटीने हातानेच थांबवलं. ती नवऱ्याकडे बघत होती, एखादं अवघड गणित आपोआप सुटताना बघावं तशी.

दीड तासाने त्यांनी बोलायला सुरुवात केली. ओठ तेवढे हलत होते.

“काट्यावर पण असंच असतं मावशी. ट्रक येतो. उभा राहतो. मी विचारतो, कुठे? तो सांगतो. कधी बंदर, कधी डोंगरापलीकडे, कधी असं गाव की नाव लिहायला दोनदा विचारावं लागतं. मी लिहितो. तो जातो. मी तिथेच.”

खालून फक्त वेल्डिंगची चरचर.

“घरी आलो की हात शिवशिवतात. काहीतरी उघडावंसं वाटतं. उघडलं की वाटतं, आता हे संपलं तर परत बसावं लागेल.”

चरचर थांबली. मावशींनी खड्ड्यातून चष्मा वर केला. “म्हणजे तू अस्वस्थ नाहीस रे. तू बसून बसून दमलायस.”

“असेल.”

“मग आज शेवटचं बस. दीड तास राहिला. श्वास हळू.”

 धाकटी उठली, थर्मासमधला चहा झाकणात ओतला, गाडीच्या खिडकीतून हात घातला आणि नवऱ्याच्या ओठांना लावला. भिंगरींनी मान न हलवता घोट घेतला. मी मुद्दाम वाळूच्या बादलीत पाहत राहिलो. वाळू बघण्यासारखी होती अशातला भाग नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी मावशी वर आल्या. “झालं. ऊठ.”

भिंगरी उठले नाहीत. आम्हाला वाटलं, रुसले. पण पाय बधिर झाले होते. मी नि धाकटीने मिळून त्यांना उपसून काढलं.

गुरुवारी अकरा वाजता आम्ही तिघे कार्यालयाच्या आवारात होतो. ते दोघे गाडीने, मी बसने. भिंगरींनी टेबलाकडे पाहिलं आणि त्यांचे खांदेच उतरले. टेबलामागे एकशे आठ नव्हते. एक बारीक चणीच्या, चष्मा लावलेल्या बाई होत्या.

“साहेब रजेवर आहेत. मी करते तपासणी.”

“चव्वेचाळीस,” भिंगरी माझ्या कानात कण्हले. “एवढं करून चव्वेचाळीस!”

“अहो, कमी वजन म्हणजे चांगलंच की!”

“चांगलं आहे हो. पण माझे तीन तास!”

बाईंनी आधी आवाज मोजला. इंजिनाचा वेग चढवला, मागे यंत्र धरलं. मर्यादा नव्वद, यंत्रावर सत्याऐंशी. मग शेजारी बसून फेरी. पाचही गतिरोधक शांतपणे गेले. बाई उतरल्या, कागदावर पेन टेकवलं आणि थांबल्या.

“मागचं वळण नवीन दिसतंय.”

“हो,” भिंगरी म्हणाले. त्यांचा गुडघा नाचायला लागला.

“मी हलकी आहे. माझ्या वजनाला कुठलीच गाडी वाजत नाही. भरल्या गाडीनिशी बघायला पाहिजे. तुमच्याबरोबर कुणी—” त्यांची नजर आवारभर फिरली आणि माझ्यावर येऊन स्थिरावली. “अहो, तुम्ही. या इकडे.”

आयुष्यात माझी निवड आकारावरून अनेकदा झाली आहे, बहुतेक वेळा सामान उचलायला. इतक्या जबाबदारीची ही पहिलीच. एक पाय, डोकं, बाकीचा ऐवज. गाडी खाली बसली. बाई पाचव्या गतिरोधकापाशी कान देऊन उभ्या राहिल्या. पलीकडे धाकटी, दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरून.

पहिला गेला. दुसरा गेला. तिसऱ्यावर मी डोळे मिटले. चौथ्यावर भिंगरींनी. हे मला नंतर कळलं ते बरं झालं. पाचव्यावर गाडी वर गेली, खाली आली आणि पुरती दबली. मी ठण्ण ऐकण्यासाठी इतका ताणून बसलो होतो की तो आला नाही तेव्हा काहीतरी बंद पडलं असंच वाटलं.

बंद काही पडलं नव्हतं. गाडी नुसती घुमत होती, खर्जात.

बाईंनी कागद पुढे केला. “इथे सही करा. आणि इथे लिहा, काम पूर्ण झाल्याची तारीख.”

भिंगरींनी पेन घेतलं. तारीख त्यांना ठाऊक होती, इतके दिवस तीच तर घोकत होते. तरी पेन रकान्यावर थांबून राहिलं.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“काही नाही. सवय नाही,” धाकटी म्हणाली.

त्यांनी तारीख लिहिली.  पूर्ण लिहिली, सालासकट.

बाहेर आल्यावर धाकटी सरळ माझ्या जागेवर जाऊन बसली आणि पर्समधून फोन काढून तिने भंगारवाल्याला ‘नको’ म्हणून सांगितलं. मग मला म्हणाली, “भावोजी, तुम्हाला बस मिळेल ना?” हा प्रश्न नव्हता. मी फाटकापाशी उभा राहून तो आवाज वळणापर्यंत ऐकला.

रविवारी त्यांच्याकडे गेलो तर स्वयंपाकघराची भिंत अजून खांद्यापर्यंतच पिवळी. पण पिवळं संपतं तिथे, बरोबर रेघेवर, एक छोटी पावती चिकटवलेली. वजनकाट्याची. गुरुवारी कार्यालयातून निघून आधी तिकडेच गेले होते म्हणे. भिंगरींच्या जागी बसलेल्या बदलीच्या माणसाने रीतसर गाडी काट्यावर घेतली, आणि खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं राहून पावती घ्यायची भिंगरींची ही पहिली वेळ. मी चष्मा लावला. ‘रिकामं वजन’ लिहिलेलं होतं. ‘भरलेलं वजन’ हा आकडा ब्लेडने खरवडून काढला होता, अगदी कागद पातळ होईपर्यंत. वजाबाकी मलाही येते, हे भिंगरींनी ओळखलेलं होतं.

‘माल’ या रकान्यात भिंगरींच्या अक्षरात: घरचा.

‘कुठे चालला’ या रकान्यात आधी काहीतरी लिहून खोडलं होतं, परत लिहून परत खोडलं होतं, आणि त्याखाली धाकटीच्या टपोऱ्या अक्षरात: ‘अजून ठरत नाहीये. निघालो आहोत.’

“मग कुठे गेलात शेवटी?” मी विचारलं.

भिंगरी खुर्चीच्या कडेवर टेकले होते. ते सांगायला म्हणून उठले, खिडकीशी गेले, बिजागरीला हात लावला.

“अहो,” धाकटी आतून म्हणाली, “तो स्क्रू.”

त्यांनी हात काढला. खिशात घातला. आणि मग, मला काय ते एकदा नीट सांगायचं म्हणून, परत येऊन खुर्चीत बसले.